खणखणीत

कौस्तुभचा मला आजही राग येतो, पण आता तो त्या रागाच्या रांगेत शेवटी उभा आहे.

माझे बाबा, गंगाराम, बावीस वर्षं आमच्या जत्रेत डबलबारीचा साउंड लावतात. दोन भजनी बुवांचा सामना, समोर अख्खा गाव. स्पीकरचे खोके बाबांनी स्वतः फणसाच्या लाकडाचे केलेत. मीटरबिटर काही नाही. कोणाला तरी झांज वाजवायला लावायची, डोळे मिटायचे आणि बटण फिरवत राहायचं. "झांज खणखणीत व्हयी," एवढंच त्यांचं शास्त्र. बारी संपली की बुवांपासून चहावाल्यापर्यंत सगळे म्हणणार, "गंगाराम, आवाज एकदम खणखणीत!" त्या एका शब्दावर बाबा वर्षभर ताठ चालत.

यंदा जत्रेच्या आठ दिवस आधी हा कौस्तुभ उगवला. शेजारच्या वाडीतला, राहतो पुण्यात, मोबाईलवर स्पीकरची परीक्षणं करतो. देवळात बाबांची चाचणी चालली होती. याने माइक लावून आवाज मोजला आणि बाबांशी एक शब्द न बोलता आलेख गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'वरचे सूर बारा डेसिबलने चढे, कानांना अपायकारक.' संध्याकाळपर्यंत कमिटीने बाबांचं काम काढून बाहेरच्याला दिलंसुद्धा.

माझं डोकंच फिरलं. सकाळी त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिले. "बावीस वर्सांचो कान मोठो की तुझो डबो?"

"गेल्या वर्षी तुझ्या कानात काय होता, किशोरी?" त्याने विचारलं.

कापूस होता. गेली तीन वर्षं झांज वाजली की कानात सुई घुसायची. पुढच्या रांगा ओस पडायच्या, म्हातारे कानाला उपरणं गुंडाळून बसायचे. आणि बारी संपली की आम्ही सगळे, खणखणीत!

"मगे तोंडार सांगूचा होता! ग्रुपवर कित्याक टाकलंस?" मी ओरडले. हेडफोन आणि मोबाईल माझ्या हातात देत तो म्हणाला, "काकांका ऐकव."

मोबाईलवर कानाची चाचणी होती, एकामागून एक वर चढत जाणारे सूर. ऐकू आला की हात वर करायचा. बाबा पडवीत हसतच बसले. पहिल्या तीन सुरांना हात झटकन वर गेला. चौथ्याला गेला नाही. मी हेडफोनची एक बाजू उचलून कान लावला. सूर चांगला मोठ्याने वाजत होता.

"लाव मगे," बाबा म्हणाले. "थांबलंस कित्याक?"

"बाबा, वाजताच आसा."

ते मोबाईलकडे बघत राहिले. मग हेडफोन ओढून काढला आणि बाकावर आपटला. चेहरा लालबुंद झाला होता.

"इतकी वर्सां खणखणीत, खणखणीत! माका येडो केल्यानी सगळ्यांनी! एकान सांगूक नाय?"

मी खाली बघितलं.

"आणि तू गो?"