फ्रीजचं तोंड कुणाकडं

पारू आत्तीचा राग मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होता. त्या रागाचं कारण मात्र कुणी विचारत नव्हतं. तिचा आवाज चढला की शेजारच्या बयाबाई भिंतीपलीकडून म्हणायच्या, "झाली बघ गिरण चालू." गल्ली हसायची.

आत्ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. लहानपणी तिनं इचलकरंजीत मागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरल्या. लग्न होऊन कोल्हापुरात आली आणि एका पगारात भागेना तेव्हा डबे सुरू केले. घर सोडून उद्यमनगरात कामाला आलेली पोरं ही तिची गिऱ्हाइकं. पॉलिटेक्निकला मेकॅनिकलला प्रवेश मिळाला तेव्हा मी तिच्याकडेच राहायला आले. तिचा मुलगा प्रसेनजीत तोवर नोकरीसाठी पुण्याला गेला होता. मी उठायच्या आधी तिचा भाकरीचा ढीग रचून झालेला असे. हातावर कोपरापर्यंत तेलाचे चटके, जुने आणि नवे.

तिचा नवरा बाळासो, मी त्यांना मामा म्हणायची, उद्यमनगरात लेथवर टर्नर होते. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, मारहाण नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण लोक नेमकं हेच वाक्य आत्तीच्या तोंडावर फेकायचे. "एवढा सोन्यासारखा नवरा, आणि तू कशाला आरडतीस गं?"

आरडायचं कारण सोप्यात उभं होतं. पोपटी रंगाचं, एका दाराचं.

नव्वद सालानंतर कधीतरी मामांनी शाहूपुरीतल्या दुकानातून तो फ्रीज आणला. त्या काळात आमच्यात फ्रीज सोप्यात ठेवायची पद्धत होती. सोपा म्हणजे बाहेरची खोली, आलागेला बसतो ती. फ्रीजवर विणलेला रुमाल, रुमालावर प्लॅस्टिकची फुलं, हँडलला कापडी पिशवी. वर भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. दाराला कुलूप होतं आणि किल्ली मामांच्या खिशात, सायकलच्या किल्लीच्या जोडीनं. कुणी आलं, "जयभीम बाळासो, गार पाणी पाज की," म्हणालं, की मामा उठून ऐटीत कुलूप उघडायचे.

आता आत्तीचं बघा. डब्याचं दही त्या फ्रीजमध्ये. वाटण त्यात, चिरलेली भाजी त्यात. स्वयंपाकघर मागं आणि फ्रीज पुढं. दर खेपेला पिठाचे हात पुसायचे, पदर सारखा करायचा आणि चार पुरुष बसलेत त्यांच्यामधून वाट काढायची. "वहिनी आल्या, सरका रं," म्हणत ते गुडघे आखडून घ्यायचे. दार उघडलं की सगळ्यांच्या नजरा आत. "वहिनी, आज मटण दिसतंय!" घरातल्या बाईच्या हाताखालची वस्तू तिच्या हातापासून सगळ्यांत लांब का ठेवायची, याचं उत्तर मला कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही.

एरवी मामा कामाला जाताना किल्ली फ्रीजवर ठेवून जायचे; एकदा ती खिशात घालूनच गेले. डबे भरायची वेळ झाली आणि दही कुलपात. आत्ती रिक्षा करून उद्यमनगरात गेली आणि वर्कशॉपच्या दारात उभी राहून ओरडली, "अवो टर्नर! माझं दही तुमच्या खिशात हाय!"

लेथ थांबले. माणसं पोट धरून हसली. घरी आल्यावर मामा एवढंच म्हणाले, "चारचौघांत इज्जत काढलीस माझी." दह्याचं काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. गल्लीनंही विचारलं नाही. गल्लीला फक्त "खिशात दही" आठवलं.

पुढं दोन हजार चारच्या सुमाराला पाचगावच्या रस्त्याला त्यांनी छोटी जागा घेऊन घर बांधायला काढलं. जिना कुठं, मोरी कुठं, खिडक्या किती, सगळं मामांनी ठरवलं. आत्तीनं एकच गोष्ट मागितली.

"मला फ्रीज सैपाकघरात पायजे. भिंतीत बसवलेला. वट्याला लागून."

ताराबाई पार्कातल्या एका डॉक्टरांच्या घरी ती वाढदिवसाच्या जेवणाला मदतीला गेली होती. तिथं तिनं भिंतीत कपाटासारखा बसवलेला फ्रीज पाहिला होता. भाजी चिरता चिरता बाई डावीकडं वळली, दार उघडलं, कोथिंबीर काढली, परत वळली. आत्ती हे हातवारे करून दाखवायची. जागेवर उभ्या उभ्या डावीकडं वळायची, नसलेलं दार उघडायची. नवा फ्रीज ती डब्यांच्या पैशातून घेणार होती.

पिराजी सुतार आणि गवंडी दोन्ही कामं करायचा. आत्तीनं त्याला भिंतीवर हात ठेवून जागा दाखवली. सोपा आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत साडेचार इंची. तिच्यात अख्खा फ्रीज मावणार कुठून? म्हणून पिराजीनं भिंत आरपार कापायचं ठरवलं. फ्रीज मधोमध बसेल, थोडा इकडं थोडा तिकडं. दार स्वयंपाकघरात आणि सोप्याकडच्या पाठीला लाकडी जाळी. जाळीतून गरम हवा निघून जाईल. मला ती रचना आवडली. मामा शेजारी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि मान डोलावली.

नंतर माझ्या आईचं ऑपरेशन निघालं. आत्ती आणि मी इचलकरंजीला गेलो. आठवडाभरानं परत आलो, तेव्हा घरभरणी चार दिवसांवर आली होती.

मामा दारातच उभे होते, चेहरा लहान पोरासारखा खुललेला. "पारू, डोळं मीट. हां, आता उघड."

सोप्याच्या भिंतीत सागवानी चौकट होती, पॉलिश केलेली. त्या चौकटीत आत्तीच्या पैशाचा नवा कोरा फ्रीज. दार सोप्याकडं.

आत्ती तडक आत स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग. ओट्याला लागून, गॅसपासून हातभर अंतरावर, फ्रीजची पाठ होती. काळ्या नळ्यांची जाळी, खाली घरघरणारा कॉम्प्रेसर. आत्तीनं जाळीवर तळवा ठेवला आणि काढून घेतला.

"ह्ये काय?"

"भिंतीत बसवलाय की," मामा म्हणाले. "तू म्हणालीस तस्सा."

"आन् तोंड?"

"तोंड सोप्याकडंच असतंय की गं. फ्रीजची पाठ पावण्यांस्नी दावायची व्हय?"

ते खोटं बोलत नव्हते. मला आजही सगळ्यांत जास्त राग येतो तो याचाच. त्यांनी तिला विरोध केला असता, तर निदान तिचं म्हणणं त्यांच्या कानापर्यंत पोचलं असं तरी झालं असतं. त्यांनी "भिंत" एवढा एक शब्द ऐकला आणि बाकीचं आपल्या मनानं भरून घेतलं. फ्रीज स्वयंपाकघराकडं तोंड करून उभा असू शकतो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी मधे पडले. "मामा, ह्या नळ्यांतून आतली उष्णता बाहेर पडते. शेजारी गॅस पेटला की कॉम्प्रेसर थांबणारच नाही, लवकर खराब होईल..."

"तू गप," आत्ती माझ्यावर उसळली. "तापू दे न्हायतर गोठू दे. तू असं म्हणालीस की हे गॅस तिकडं सरकवतील. फ्रीज न्हाय हलवायचं."

मामा खरंच गॅसच्या शेगडीकडं बघत होते.

"अगं, फ्रीजवरनं कसलं भांडण?" ते म्हणाले. "दोन पावलं चाललं की आलं."

"मग तुम्ही चाला."

"पारू..."

"इतकी वर्सं मी चाललीया. पिठाचं हात घिऊन, तुमच्या दोस्तांची गुडघी चुकवत. जयंतीला ह्या फोटोखाली उभं ऱ्हाऊन भाषण करताय, बाईला बरोबरीचा हक्क म्हणून. टाळ्या घेताय. आन् माझ्या कष्टाचा फ्रीज माझ्याकडंच पाठ करून उभा केलाय!"

मामांचा चेहरा उतरला. "बरं, बरं. रविवारी भन्तेजी येणार, पावणं येणार. ते हूं दे. मग बघू."

"मग बघू" म्हणजे काय ते या घरात सगळ्यांना माहीत होतं.

आत्ती पिराजीकडं वळली. तो कोपऱ्यात रंधा पुसत होता. "पिराजीभाऊ, फिरवा."

"वहिनी, मालकांनीच तोंड सोप्याकडं करा म्हटलं. चौकट सिमिटात धरलीया. काढायची म्हंजे सागवान फुटतंय. मालक म्हणत असतील तर..."

"भिंत कापायच्या वक्ताला जागा कुणी दावली तुमाला?"

"तुमीच की."

"मग मालक कोण?"

पिराजीनं मामांकडं बघितलं. मामांनी खिडकीबाहेर बघितलं. आत्ती परसात गेली आणि वाळूच्या ढिगाशेजारी पडलेली पहार घेऊन आली.

पहिल्या घावाला पॉलिश तडकलं. "अगं सागवान हाय ते!" मामा ओरडले. "असू दे," आत्ती म्हणाली आणि दुसरा घाव घातला. तिच्या हातात जोर होता. मोठमोठी पातेली एकटीनं चुलीवरून उतरवणारे ते हात. प्लॅस्टरचे टवके तिच्या केसांत उडत होते. ती रडत नव्हती. रडली असती तर मामांना सोपं गेलं असतं; त्यांनी तिला समजावलं असतं. ते नुसते "अगं, अगं" करत राहिले आणि चौकटीची एक बाजू भिंतीतून सुटून खाली आली.

फ्रीज डोलायला लागला, तसा पिराजी हातातलं फडकं टाकून धावला. "थांबा वहिनी, थांबा, अंगावर यील! मी धरतो." त्यानं एक बाजू धरली. मी प्लग काढला. "आडवा करू नका," मी म्हणाले, "उभाच फिरवा." तिघांनी मिळून आम्ही तो पुढं ओढला, वळवला आणि परत खाचेत सरकवला. वायर पुरेना, म्हणून पिराजीनं दुसरी जोडली. चौकट पुन्हा बसण्यासारखी उरली नव्हती. खाचेच्या कडेनं विटा उघड्या पडल्या होत्या.

आत्तीनं ओट्यापाशी उभं राहून डावीकडं वळून दार उघडलं. आत अजून काहीच नव्हतं. तिनं ते लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

मामांनी त्या दिवशी जेवायला नकार दिला. आत्तीनं ताट झाकून ठेवलं नाही.

घरभरणीचा रविवार उजाडला. बुद्धवंदना झाली, भन्तेजी जेवून गेले, सोपा माणसांनी भरला. पाठीवरची लाकडी जाळी पिराजीला वेळेत जमली नव्हती. फुटक्या विटांच्या खाचेत, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली, सगळ्यांसमोर फ्रीजची काळी पाठ घरघरत होती.

मामांच्या शेजारच्या लेथवरचे हंबीरराव मोठ्यानं म्हणाले, "बाळासो, फ्रीज रुसलाय का रं? आमच्याकडं पाठ करून बसलाय!"

सोपा हसला. मामांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"बरं, ऱ्हाऊ दे," हंबीरराव म्हणाले. "गार पाणी तरी पाज."

मामा सवयीनं उठले. फ्रीजकडं चार पावलं गेले आणि नळ्यांसमोर थांबले. तिथं उघडायला काहीच नव्हतं. मग वळसा घालून ते स्वयंपाकघराच्या दारात आले. आत्ती कढईपाशी होती. मी भज्यांचं पीठ कालवत होते.

"पाणी पायजे होतं," मामा म्हणाले.

"घ्या की. हात हायत न्हवं?"

मामांनी दार उघडलं. आत दह्याची पातेली, वाटणाचे डबे, फडक्यात गुंडाळलेली कोथिंबीर, सगळं आत्तीच्या हिशेबानं लावलेलं. ते वाकून बघत राहिले. एक पातेलं उचललं, कुठं ठेवावं कळेना, पुन्हा ठेवलं.

"बाटल्या कुठं हायत गं?"

"पातेल्याच्या मागं." आणि ते तसेच उभे आहेत हे बघून तिचा आवाज चढला, "आवो, दार लावा आधी! थंडी चाललीया सगळी!"

बाहेर सोप्यात या वेळी कुणी हसलं नाही.

मामांनी दार लावलं. क्षणभर त्या बंद दारापुढं उभे राहिले. मग पुन्हा उघडलं, नीट हात घालून दोन बाटल्या काढल्या आणि कोपरानं दार लोटलं.

"रिकाम्या झाल्या की भरून आत ठेवा," आत्ती कढईतून नजर न काढता म्हणाली. "हितं कोण तुमची पाणीवाली न्हाय."