चार आवाजांतला गांधार

चौकोनी आवाज म्हणजे काय, हे शब्दांत कसे सांगावे? जुन्या टीव्ही-गेमची कॅसेट खोचल्याबरोबर जो बारीक, कोरडा, कडा असलेला सूर खोलीभर टुणटुणू लागायचा, तो आठवून पाहा. ना त्यात गळ्याचा ओलावा, ना तारेची रेंगाळणारी आस. सुरू झाला की सुरू, थांबला की थांबला! त्या काळच्या यंत्रांना एका वेळी जेमतेम चार आवाज काढता येत आणि तेवढ्यात सगळे संगीत बसवावे लागे. आजही काही हौशी माणसे मुद्दाम त्या चारच आवाजांत सुरावटी रचतात. त्याला चिपट्यून म्हणतात. पन्नाशीला टेकलेली, शिकवणीवर्गात गणित शिकवणारी मी या नादाला लागले, हे राजारामपुरीतल्या माझ्या मैत्रिणींना अजूनही पटलेले नाही.

खरे तर माझे सारे बालपण सुरांच्या दुरुस्तीतच गेले. माझे वडील, अप्पा, हार्मोनियम दुरुस्त करायचे. आमच्याकडे तिला पेटीच म्हणतात. राधानगरीकडच्या भजनी मंडळाची पावसाळ्यात फुगलेली पेटी, जयसिंगपूरच्या जैन बस्तीतली, म्हणजे देवळातली, भाता फाटलेली पेटी, सगळ्या आमच्या गल्लीतल्या दुकानात यायच्या. आतली एकेक पितळी पट्टी सोडवून अप्पा ती हलक्या हाताने घासत. टोकाकडे घासली की सूर चढे, बुडाकडे घासली की उतरे. तयार पेटीतला गांधार त्यांना नेहमी चढा लागायचा. ज्या मंडळाचा जो षड्ज, त्याच्याशी तो गांधार एकजीव होईपर्यंत पेटी हातावेगळी होत नसे. आणि परत देण्यापूर्वी ते स्वतःची एक दहा-बारा सुरांची सुरावट वाजवून बघत. तिला शब्द नव्हते, नाव नव्हते, ती कुणाकडून शिकलेलीही नव्हती. ती ऐकली की गिऱ्हाईक मान डोलवायचे आणि पेटी उचलायचे.

दोन वर्षांपूर्वी अप्पांचे कान गेले. कानात यंत्र बसवले, बोलणे कळू लागले. पण पेटी धरली की त्यांना नुसती घरघर ऐकू येई. हे यंत्र बोलण्यासाठी केलेले असते, गाण्यासाठी नव्हे, असे ते देणाऱ्याने समजावून सांगितले. अप्पांनी एकदा सूर धरून पाहिला, दोनदा पाहिला आणि दुकान बंद केले. ज्याने आयुष्यभर इतरांचे सूर जागेवर बसवले, त्याच्याच वाट्याला हे यावे? मला फार राग आला होता. कुणाचा, ते मात्र सांगता येत नाही.

अशातच एका दुपारी मी फोनवर त्या चौकोनी आवाजाची खुडबूड करीत बसले होते, तोच आतल्या खोलीतून अप्पांचा खणखणीत प्रश्न आला, "कोन पिपाणी वाजवतंय गं?" मी जागच्या जागी थिजले. त्यांना सूर ऐकू आला होता! भरदार पेटी ज्या कानांत विस्कटून जात होती, त्याच कानांत हा एकेरी, दरिद्री सूर सरळ जाऊन पोचला होता. त्या क्षणी ठरवले, अप्पांची ती सुरावट या चार आवाजांत बांधायची. त्यांची बोटे आता ती वाजवणार नव्हती. उरली होती ती फक्त माझ्या कच्च्या कानात. मी विसरले असते, तर ती या जगातूनच गेली असती.

मग सुरू झाले शास्त्र. पाश्चात्य संगीतातला सी हा सूर आपली जागा सोडत नाही. आपला षड्ज मात्र गाणारा बसवील तिथे बसतो. हा साधा भेद ध्यानात न घेता मी काय करावे? फोनवरच्या चिपट्यूनच्या धड्यात सी पहिला, म्हणून खर्जाचा आवाज ठेवला पांढरी एकवर, म्हणजे पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीवर. आणि सुरावट लिहिली कानात होती तशी, अप्पांच्या आवडत्या काळी दोनवरून. एका घरात दोन षड्ज! आठवडाभर ते एकमेकांशी भांडत राहिले आणि मी खापर फोडत राहिले फोनच्या स्पीकरवर. दोन आकड्यांतले अंतर गणिताच्या बाईला दिसू नये? चूक सापडली तेव्हा मी एकटीच खदाखदा हसले. त्या हसण्यात एक गोष्ट मात्र उमगली, की सूर एकटा असा कुणीच नसतो. षड्जापासून तो किती दूर उभा आहे, यावरच त्याचा स्वभाव ठरतो. अप्पा हे मला लहानपणापासून सांगत होते, पण तेव्हा मी पाढ्यांत गुंग होते.

एवढे कळल्यावर हाव सुटली. तीन सूर भराभर एकामागून एक फिरवले की एकाच आवाजात स्वरमेळाचा भास होतो, ही चिपट्यूनवाल्यांची जुनी युक्ती. मी ती जागोजाग पेरली, चारही आवाज काठोकाठ भरले आणि मोठ्या ऐटीत अप्पांना ऐकवले. "किडं वळवळल्यागत वाटतंय," एवढेच बोलून त्यांनी पेपर उघडला. दोन दिवस मी त्या फोनकडे पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी एकेक गोष्ट काढून टाकू लागले, आणि शेवटी एक आवाज षड्जाला दिला, एक पंचमाला, एक सुरावटीला. चौथा मुकाच ठेवला. उंच सूर त्यांना पोचत नव्हते, म्हणून सगळेच एक सप्तक खाली आणले.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर ते लावले. अप्पांनी डोळे मिटले. चौथ्या-पाचव्या सुराला त्यांच्या कपाळावर आठी उमटली. "गांधार चढा हाय की गं!"

चढाच होता! फोन सप्तकाचे बारा सारखे भाग करतो, त्यात गांधार किंचित वर राहतो, हे मी धड्यात वाचले होते. माझ्या कानाला ते कधी कळले नव्हते. सूर केसभर खालीवर करायची सोय फोनवर असते. मी एक पायरी उतरवली. "अजून." आणखी एक. "अजून उतरीव... लई झालं, जरा वर... हां. हितं ऱ्हाऊ दे." षड्जाशी गांधार असा मिळाला, की तीन आवाजांचा एकच आवाज झाला. मला रडू आवरेना.

अप्पांनी सुरावट पुन्हा लावायला सांगितली, शेवटपर्यंत ऐकली आणि मिस्कीलपणे माझ्याकडे पाहत म्हणाले, "झाली पेटी. कुणाची हाय? न्हे म्हनावं."

"आपलीच हाय, अप्पा," मी म्हणाले. त्यांना ते ऐकू गेले नाही. माझाच आवाज फुटला नव्हता. घसा साफ करून मी पुन्हा मोठ्याने सांगितले.