साहेबांची गोफण

लग्न होऊन मी वरोऱ्याकडच्या कोळसा खाणीवर राहायला आले, तेव्हा शेजारणीने पहिल्याच आठवड्यात सांगितले, "तिकडल्या मैदानात साहेब लोक गोफ खेळतेत." मी गोफण ऐकले. मला फार बरे वाटले. माझे माहेर सावली गावाच्या बाजूला, धानाच्या मुलखात. धान लोंबीवर आले की पोपटांचे थवे उतरत आणि मी मचाणावर उभी राहून गोफण फिरवी. चौथीनंतर शाळा सुटली ती याच कामासाठी. माणसांशी बोलताना माझी जीभ टाळूला चिकटे, पण गोफणीतला दगड मी म्हणेन तिथे जाई. वाटले, या परक्या गावात एक तरी काम ओळखीचे आहे.

मग मैदानावर गवत कापायच्या कामाला लागले आणि पाहिले. गोफण कुठेच नव्हती. लांब काठी, तिच्या टोकाला वाकडे लोखंड, जमिनीवर पांढरा चेंडू, आणि दूर तेल घालून बसवलेल्या वाळूत एक भोक. पोपट हाकायची गोफण कुठे, असे मी विचारून बसले आणि माझ्यासोबतच्या बायका आठ दिवस हसत होत्या. "आज पोपट कुठी बसले वं?" असे विचारत. मी मान खाली घालून विळा चालवी. मनात मात्र म्हणे, हसा. दोरी असो की काठी, फिरते ते अंगच. आणि मला ती काठी एकदा हातात घ्यायची होती. एकदाच, भर उजेडात, चेंडू समोर ठेवून.

ते होणारे नव्हते. मुकादमाने सगळ्यांना बजावले होते, "गवत कापाचं. चेंडू दिसला त आवाज द्याचा. काठीले हात लावला त दुसऱ्या दिवशी याचं नाई."

एका साहेबांची बायको तेव्हा हा खेळ शिकत होती. आम्ही त्यांना बाई म्हणत असू. पुण्याकडच्या होत्या. थंडीत बायकांचा सामना व्हायचा होता. त्यात पहिलाच चेंडू नाल्यापलीकडे मारावा लागे आणि बाईंचा चेंडू रोज नाल्यात जाई. साहेबांनी त्यांच्यासाठी चित्रांचे पुस्तक मागवले. बैलगाडीच्या चाकाएवढे एक लोखंडी कडे तिरपे उभे करून घेतले, काठी त्याला घासत फिरली पाहिजे म्हणून. झाडाला रबरी दोर बांधला, तो दोन्ही हातांनी ओढायचा. आणि सगळा वेळ साहेब शेजारी उभे राहून सांगत, कोपर आत, गुडघा सैल, मनगट असे, खांदा तसा. बाई ऐकत ऐकत लाकडासारख्या ताठ होत. मला त्यांच्याकडे पाहवत नसे.

एका दुपारी त्या एकट्याच होत्या. चार चेंडू नाल्यात गेले. पाचवा जागचा हललाच नाही. मी दहा पावलांवर बसून गवत कापत होते. आणि माझ्या तोंडून, माझे मलाच न कळता, निघून गेले, "बाई, तुमी दगड ढकलून राह्यल्या. दगड सोडा लागते."

त्यांनी वळून पाहिले. "कुठला दगड?"

 पुढे बोलवेना. म्हणून मी भारा बांधायची दोरी घेतली, मध्ये फडक्याची घडी बांधली, एक टोक बोटात अडकवले, खडा ठेवला आणि फिरवून सोडला. नाल्यापलीकडे डांबराचे रिकामे पिंप पडले होते. ठण्ण वाजले.

बाईंनी काठी खाली ठेवली. "हे कुणी शिकवलं तुला?"

"आमच्या बाबानं."

मग रोज दुपारी त्या यायच्या आणि मी गवत कापता कापता सांगायची. बाबा मला जे म्हणायचे तेच. पयले मनात फेक, मंग हातानं. दगड कुठून निघेल, कुठे उंच होईल, कुठे उतरेल, ती सगळी वाट धुराच्या रेघेसारखी दिसली पाहिजे. दिसली नाही तर हात उचलायचा नाही. मी बाईंना म्हटले, "चेंडू इसरा. पल्याडच्या पळसावर पोपट बसले हायेत. ते पाहा."

"पोपट कुठं आहेत?"

"नाईत. म्हणूनच पाहा लागते."

त्या हसल्या आणि हसताना त्यांचे खांदे सैल झाले. मला तेच हवे होते.

बाबा माझ्या काखेत सागाचे पान ठेवत. गोफण फिरवताना पान पडले की समजायचे, कोपर अंगापासून सुटले. आणि डोक्यावर चुंबळ. घागरीखाली ठेवतो ती, कापडाची वळलेली. चुंबळ घसरली की डोके हलले. मी सागाचे पान दिले ते बाईंनी काखेत धरले. चुंबळ मात्र त्यांनी हातात घेऊन पाहिली.

"ही तुझ्या डोक्यावरची?"

"धुतली हाये," मी म्हटले. आणि हात मागे घेतला नाही.

त्यांनी ती डोक्यावर ठेवली. पंधरा दिवस पान पडत राहिले, चुंबळ घसरत राहिली. मग एके दिवशी दोन्ही जागच्या जागी राहिली आणि चेंडू नाल्यापलीकडे गेला. बाईंनी लगेच दुसरा चेंडू ठेवला.  पुढे रोज चारातले तीन पलीकडे जाऊ लागले.

साहेबांनी ते पाहिले तेव्हा मी जवळच होते. साहेब म्हणाले, "बघ, मी सांगत होतो. त्या कड्याचाच उपयोग झाला ना?"

"झाला," बाई म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी मी चुंबळ माझ्या भाऱ्याखाली घेतली आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला कापायला बसले. तिसऱ्या दिवशी बाई तिथे आल्या. उन्हात एवढे चालून आल्या.

"चुंबळ दे ना गं. त्याशिवाय जमत नाही मला."

 आयुष्यात मी कुणाजवळ काही मागितले नव्हते, आईजवळसुद्धा नाही. "देतो," मी म्हटले. "पण मले एक डाव मारू द्या. दिवसाउजेडी. सगळ्याइच्या समोर."

"अगं, मुकादम... आणि साहेब रागावतील."

"रागावू द्या. नाईतर माझी चुंबळ माझ्याच डोक्यावर बरी."

बाईंनी मागे वळून मैदानाकडे पाहिले. मला वाटले आता ओरडतील. मग म्हणाल्या, "चल."

आम्ही नाल्याजवळच्या जागेवर आलो. बायकांनी विळे थांबवले. मुकादम लिंबाखाली बसला होता, तो उठून उभा राहिला. बाईंनी चेंडू ठेवला आणि काठी माझ्या हातात दिली. वाटली होती त्यापेक्षा हलकी होती. मी चुंबळ डोक्यावर ठेवली. काखेत पान. पळसावर पोपट पाहिले, पुष्कळ होते. वाट दिसली. मी काठी मागे नेली, फिरवली, आणि ऐन वेळी, हाताच्या सवयीने, बोटे सोडली.

गोफणीत दोरीचे एक टोक सोडावेच लागते, नाहीतर दगड जात नाही. काठी सोडायची नसते. ती गिरक्या घेत नाल्यात गेली. चेंडू होता तिथेच.

बायका गवतावर लोळल्या. एक जण म्हणाली, "पोपट मेला काय वं?" मुकादम ओरडत आला, "काऊन वं, तुले सांगतलं होतं का नाई? हो बाजूले."

मी बाजूला झाले नाही. नाल्यात उतरले, गुडघाभर चिखलातून काठी काढली, पदराने पुसली आणि परत येऊन चेंडूसमोर उभी राहिले. मुकादम समोरच उभा होता. मी त्याला म्हटले, "भाऊ, तुमी पोपटाच्या वाटेत उभे हाये." त्याला काय कळले कोण जाणे, पण तो सरकला.

या वेळी मुठी आवळल्या नाहीत, फक्त मिटल्या. बाबांचे सगळे तसेच ठेवले, शेवटचे सोडणे तेवढे मनातून काढले. काठी फिरली. हाताला काहीच लागले नाही असे वाटले, आणि चेंडू नाल्यावरून गेला. पळसापर्यंत नाही. पण पलीकडे पडला, सगळ्यांनी पाहिला.

मी काठी बाईंना दिली आणि चुंबळही दिली. बोलल्याप्रमाणे. मुकादमाने तिथेच सांगितले, उद्यापासून येऊ नको.

घरी आमचे मालक खाणीतून कामावरून आले तेव्हा त्यांना आधीच कळले होते. आंघोळीचे पाणी घेता घेता म्हणाले, "काठी उडवली म्हणे?"

"पयली उडाली."

"आन दुसरी?"

"दुसरी लागली."

"मंग बरं," म्हणाले आणि तोंडावर पाणी मारले.

सामन्याच्या दिवशी मी सरपणाचा भारा घेऊन मैदानाच्या तारेबाहेरच्या रस्त्यावर थांबले. बाई पुढे आल्या. पाहुण्यांसमोर त्यांनी पिशवीतून माझी चुंबळ काढून डोक्यावर ठेवली. लोक हसले. साहेब काही बोलायला निघाले तर बाईंनी हात वर करून त्यांना थांबवले. चेंडू पलीकडे गेला. मग साहेबांनी चुंबळीकडे बोट करून काहीतरी विचारले, आणि बाईंनी वळून तारेकडे, माझ्याकडे हात केला. सगळी डोकी फिरली. माझी मान सवयीने खाली जाणार होती. मी जाऊ दिली नाही.

चार दिवसांनी मुकादमाचा निरोप आला, माफी माग आणि कामावर ये. निरोप आणणाऱ्या मजुरणीपाशी मी उलट निरोप दिला, "सांग त्याईले, काठी नाल्यात गेली, त्याची माफी मागतो. हात लावला, त्याची नाई."

परत बोलावणे आले नाही. पुढच्या धानाच्या हंगामात मी माहेरी सावलीला गेले आणि बाबांच्या मचाणावर उभी राहिले. डोक्यावर नवी चुंबळ होती.