प्रार्थनेत राहून गेलेलं नाव

मी भिवंडीतल्या नारपोलीहून परदेशी निघाले त्या दुपारी टॅक्सी खाली उभी होती आणि वर पप्पांची प्रार्थना संपत नव्हती. आमच्या घरची रीतच तशी. रोज संध्याकाळी जेवणाआधी, आणि कुणी गावाला निघालं तरीही, पप्पा एकेका नातेवाइकाला नाव घेऊन देवापुढे आणत. मागच्या कारखान्यात कापडाचे लूम खडखडत असत, म्हणून ते शाळेत वर्गात शिकवत तसंच मोठ्यानं बोलत. त्या दुपारी मध्येच वीज गेली, लूम थांबले आणि त्यांचा आवाज थेट जिन्याखाली पोचला. ड्रायव्हर म्हणाला, "साहब, फ्लाइट किसी के लिए रुकती नहीं." आई डोळे मिटूनच हसली.

सगळी नावं झाली, माझं तर दोनदा झालं. शांताआत्याचं नाव मात्र त्या दिवशीही आलं नाही.

आत्या ही पप्पांची एकुलती बहीण. तिनं वज्रेश्वरीच्या एका दुकानदाराशी लग्न केलं, तो ख्रिस्ती नव्हता. पप्पा तेव्हा मंडळीचे पंच होते, पाळकांबरोबर चर्चचा कारभार बघायचे. आमच्या मंडळीत असं लग्न करणाऱ्याला प्रभुभोजनापासून, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या मेजापासून, दूर ठेवायचा नियम होता. बाकीचे पंच थोडं थांबू म्हणत होते. पप्पांनी उभं राहून आपल्याच बहिणीविरुद्ध ठराव मांडला. घरच्या प्रार्थनेतून तिचं नाव गाळायला मात्र कुठल्याच नियमानं सांगितलं नव्हतं. ते त्यांनी आपल्या मनानं केलं, आणि त्यालाच निष्ठा समजले.

इथं हॅलिफॅक्सला मी एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. शिफ्ट संपली की बूट दारात काढायचे, हीटर वाढवायचा, डबा मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा आणि तो गरम होईतो नावं घ्यायची. भिवंडीत गोंगाटावर आवाज चढवावा लागे. इथं पुटपुटलं तरी पुरतं. पण पाठ केलेल्या गोष्टीत चूकही पाठ झालेली असते. माझीही जीभ आत्याला ओलांडून पुढं जायची.

मग पप्पांना अर्धांगाचा झटका आला. मी रजा काढून घरी गेले तेव्हा त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. प्रार्थना आता आई करायची. एका संध्याकाळी ती सवयीच्या जागी आमेन म्हणाली, तसे पप्पा डाव्या हातानं खाटेवर थापटायला लागले. पाणी हवंय का, उशी हवीय का, आम्ही विचारत राहिलो. ते मान हलवत होते. शेवटी ओठ वाकडे करून त्यांनी एकच अक्षर काढलं, "शां." आईनं पदर डोळ्यांना लावला आणि पुन्हा हात जोडले.

हळूहळू शब्द परत आले, जडसे. त्यांनी पाळकांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, बहिणीची माफी मागेपर्यंत मला मेजापासून दूर ठेवा. तसं कुणी मागितल्याचं पाळकांना आठवत नव्हतं. ते तरुण आणि मऊ स्वभावाचे. म्हणाले, "सर, आजार ही शिक्षा आहे असं मी कुणालाच सांगणार नाही. तुम्ही बीपीची गोळी चुकवत होता."

"चुकवत होतो," पप्पा म्हणाले. "पण लूम बंद पडल्यावर कसं बारीकसारीक ऐकू येतं? देवानं मला गप्प केलं, तेव्हा ऐकू आलं. हा राग नाही, पाळक. रस्त्यात बाप पोराचा हात घट्ट धरतो. दुखतो तो हात."

पुढच्या प्रभुभोजनाला ते मागच्या बाकावर, चपला काढतात तिथं, जाऊन बसले. भाकरीची थाळी आली तशी न घेता पुढं दिली. आत्यानं दार लावून घेतलं तर हा माणूस भाकरीवाचूनच जगातून जाईल, ही भीती मला त्या क्षणापासून लागली.

आम्ही एसटीनं वज्रेश्वरीला गेलो. आत्या दुकानात ओटीचे नारळ रचत होती. तिनं पाहिलं आणि रचतच राहिली. पप्पांनी बसमध्ये पुष्कळ वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. "शांता, चुकलं माझं," एवढं म्हणून ते तिच्या पायांशी वाकायला लागले.

तिनं झटकन दंड धरला. "पडशील, दादा. ठराव मांडायला ताठ उभा होतास, आता बरा वाकतोस."

"मांडला. तोही चुकला. तुझं नावसुद्धा टाकलं मी."

"माहितीये मला. मी तुझं रोज घेत होते. तुम्हीच एकटे प्रार्थना करता काय?"

पप्पा पोत्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. आत्याचा नवरा आतून म्हणाला, "च्या ठेवलाय. भांडाचा हाय तं पिऊन भांडा, मी कुटं न्हाय म्हनतो."

पप्पांनी मंडळीपुढे उभं राहून चूक कबूल केली आणि पंचांनी तो ठराव मागं घेतला. त्या प्रभुभोजनाला आत्या त्याच मागच्या बाकावर त्यांच्याशेजारी बसली. थाळी त्यांच्यापुढे तिनं धरली. आधी त्यांनी भाकर घेतली, मग तिनं.

पप्पा या हिवाळ्यात गेले. इथं वादळानं विमानं बंद होती, मी दफन फोनवर पाहिलं. माती द्यायला आत्या आईला धरून पुढं आली होती.

आमच्यात गेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. ते पोचले, असं आम्ही मानतो. त्यामुळे आता पप्पांचं नाव घेता येत नाही. आईच्या नावानंतर मी श्वासभर थांबते. खिडकीबाहेर बर्फ असतो, लूम नसतात. मग शांताआत्याचं नाव घेते आणि पुढं जाते.

तिकडे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या लांब गेलेल्यांनो, तुम्ही विचारता घर आठवतं का. नारपोलीची ती खोली आता धूसर होत चालली आहे. मला घर सापडतं ते त्या थांबलेल्या श्वासात आणि त्याच्यामागून येणाऱ्या नावात. ते नाव पप्पांनी परत आणून ठेवलं, म्हणून तिथं जायला मला वाट आहे.