टाकीतलं पाणी

तंजावरच्या लॉरी स्टँडवर तुळजारामाला पाठीमागे 'बाटली रायर' म्हणत; रायर म्हणजे तिकडचा मराठी माणूस. दारूशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. बाटली होती ती डिझेलमध्ये घालायच्या औषधाची. परदेशी माल मोकळा झाला तेव्हा सुट्या भागांच्या दुकानांत अशा रंगीत बाटल्या येऊन बसल्या होत्या. बाकीचे ड्रायव्हर त्यांच्याकडे ढुंकून पाहत नसत. तुळजारामाने मात्र दुकानदाराचं सगळं बोलणं उभ्या उभ्या ऐकून घेतलं. डिझेलात मिसळलेलं पाणी हे औषध वेगळं काढतं, उभ्या गाडीत ते हळूहळू तळाला बसतं, मग खालचा बोल्ट सैल करून सोडून द्यायचं. एवढं ऐकल्यावर त्याने बाटली घेतलीच.

पाण्याची धास्ती त्याच्या घरात आधीपासून होती. त्याचे वडील बाळकृष्णराव हे त्यांच्या मराठी गल्लीतले लॉरी चालवणारे पहिलेच गृहस्थ. एका पुराच्या वर्षी पुदु आरू नावाच्या कालव्याचा बांध खचला आणि ते लॉरीसकट आत गेले. कावेरीचंच पाणी त्या कालव्यातून वाहतं. गाडी दुसऱ्या दिवशी बाहेर काढली, तेव्हा ते आतच होते. पुढे तुळजारामानेही लॉरीच घेतली, यावर नातेवाइकांनी तोंडाला येईल ते ऐकवलं. आई शेषम्मा मात्र एका शब्दाने बोलली नाही. तिचं ते गप्प राहणंच त्याला जास्त जाचायचं.

त्याच्या लॉरीवर आणखी एक माणूस होता, नटराज. तिरुवैयारुकडच्या एका खेड्यातला, अबोल, कामाला चोख. आळीपाळीने दोघे गाडी चालवत. गावोगावचं भात उचलून गिरण्यांत पोचवायचं, हा त्यांचा धंदा. पहाटे येऊन बोल्ट सैल करणं, तळाचं पाणी काढणं आणि औषध घालणं नटराजाकडे होतं, आणि हे काम तुळजारामाने दुसऱ्या कोणालाही करू दिलं नसतं. अमावास्येला तर तो अंधारातच येई आणि गाडी उशिरा काढी. शेषम्मा त्याला काफी द्यायची. तिच्या जुन्या मराठीतलं त्याला निम्मं कळायचं, निम्मं तो हसण्यावारी न्यायचा. सख्ख्या भावांसारखं त्यांचं चाललं होतं असं मी म्हटलं, तर ते फारसं खोटं होणार नाही.

मग सांबा भाताच्या कापणीच्या दिवसांत नटराज वडिलांच्या तिथीसाठी गावी गेला. त्या सकाळी तुळजारामाला घाई होती. गिरणीवाला तगादा लावून बसलेला, आभाळ भरून आलेलं. त्याने टाकीत झाकणभर औषध ओतलं आणि गाडी सुरू केली. पाणी तळाला बसायला वेळ लागतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बोल्ट उघडायला हवा, हेही. पण औषध घातलं म्हणजे झालं, असं त्या दिवशी त्याने स्वतःला समजावलं. शहाणी माणसंसुद्धा कधी कधी अशी वागतात, त्याला इलाज नाही.

ओरत्तनाडु गावाच्या अलीकडे गाडीने आचके दिले, पांढरा धूर ओकला आणि रस्त्याच्या कडेला बसली. ताडपत्रीखाली भाताची पोती, वरून झिमझिम. मेकॅनिकने डिझेलचा पंप खोलून हातावर घेतला. आत तांबूस गंज धरलेला, दोन नोझलांची टोकं फुटलेली.

"हे टाकीला सुटलेल्या घामाचं पाणी नव्हे," मेकॅनिक म्हणाला. "एवढं पाणी कोणीतरी ओतल्याशिवाय येत नाही."

डिझेल काढून विकायचं आणि तेवढं पाणी टाकीत भरायचं, ही चोरी त्या धंद्यात सगळ्यांना माहीत होती. तुळजारामाचं डोकं फिरायला तेवढं पुरलं. आदल्या संध्याकाळी टाकी नटराजानेच भरून आणली होती. शिवाय त्या वर्षी औषधाच्या बाटल्या लवकर संपू लागल्या होत्या, आणि विचारलं की नटराज नुसता "ओल फार आहे, अण्णा" म्हणायचा. कालपर्यंत ज्या गोष्टींकडे त्याने लक्षही दिलं नव्हतं, त्या सगळ्या आता पुरावा होऊन पुढे उभ्या राहिल्या.

नटराज गावाहून परतला तो थेट स्टँडवर आला. चहाच्या टपरीपाशी पाचपंचवीस माणसं होती. तुळजारामाने त्यांच्यासमोर त्याला चोर म्हटलं. एकदा म्हणून थांबला नाही, पुन्हा म्हटलं, आणि खाल्ल्या मिठाचाही उद्धार केला. नटराज खाली मान घालून ऐकत राहिला. मग कमरेची किल्ली काढून त्याने बॉनेटवर ठेवली आणि बसथांब्याच्या दिशेने चालू लागला. त्याला कोणी थांबवलं नाही. गप्प राहिला म्हणजे चोरच, असं सगळ्यांनी धरून टाकलं. पंधरा दिवस त्याला तंजावरात कोणी गाडीवर घेतलं नाही. शेवटी तिरुवैयारुच्या एका गिरणीवाल्याने घेतलं.

पंप नवा बसला. आता सगळं तुळजाराम एकहाती करू लागला. डिझेल स्वतः भरायचा, औषध मापून घालायचा, सकाळी बोल्टाखाली काचेचा पेला धरून बसायचा. पहिले काही दिवस थेंबभरही पाणी आलं नाही, तेव्हा त्याला आपलं बरोबर होतं याचा एक कडू आनंद झाला. पुढच्या अमावास्येला त्याने नेहमीसारखा पेला धरला. पेल्यात नुसतं डिझेल उतरलं. हात धुवायला तो आत गेला, काफी प्यायला आणि परत अंगणात आला.

शेषम्मा लॉरीपाशी उभी होती. दूधवाला टाकीचं झाकण हातात धरून, आणि ती तांब्याच्या चेंबूतून टाकीत पाणी ओतत होती. सावकाश, ओठांत काहीतरी पुटपुटत. दूधवाल्याने तुळजारामाला पाहिलं आणि झाकण लावून तो निघून गेला.

"आयी, काय करतेस हें?"

ती दचकली नाही. "तीर्थ घालतें. अमाशेला घालतेंच की, तूं लॉरी घेतलास तेव्हांपासून. पूजेंतलं कावेरीचं पाणी, अस्कंच्या अस्कं, थेंब न ठेवतां, हिला."

"कां पण?"

"तुज्या बापाला तिनं नेलं. तिचं पाणी ज्याच्या पोटांत आहे, त्याला ती नेत नाहीं. ओळख ठेवती." चेंबू तिने पदराने पुसला. "झाकण मला फिरत नाहीं. नटराज होता तों तोच उघडून द्यायचा. मागच्या अमाशेला तो गांवी गेल्ता, तेव्हांपासून दूधवाल्याला सांगतें. नटराज कां येत नाहीं रे?"

तुळजाराम तिथेच पायरीवर बसला. ज्या पाण्यासाठी तो बाटल्या आणत होता, पेले धरत होता, एका माणसाला त्याने स्टँडभर नागवं केलं होतं, ते पाणी त्याच्याच देवघरातून येत होतं. आणि त्याच्या जिवासाठी येत होतं. बाटल्या लवकर का संपत, नटराज अमावास्येला इतक्या लवकर का येई, आणि पाणी पुरतं खाली बसेपर्यंत गाडी काढायचं का टाळी, ते सगळं त्याला एकदमच कळलं. आईसमोर त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याने ते लपवलं नाही.

त्याच दिवशी तो तिरुवैयारुला गेला. नटराज गिरणीच्या आवारात लॉरीखाली पडून ग्रीस भरत होता.

"तुला ठाऊक होतं," तुळजाराम म्हणाला. "मला सांगितलं का नाहीस?"

नटराज बाहेर आला, चिंधीला हात पुसत राहिला. "सांगितलं असतं तर तुम्ही अम्मांना थांबवलं असतं. मग तुम्ही गाडी घेऊन गेलात की त्या दारात बसून राहिल्या असत्या. मला काय, थोडं लवकर यायचं आणि औषध जास्त घालायचं."

"पण मी तुला चोर म्हटलं, तेव्हा तरी."

"तेवढ्या माणसांत अम्मांचं नाव घेऊ, अण्णा?"

तुळजारामाने त्याचे हात धरले. परत ये म्हणाला, दोनदा म्हणाला. नटराजाने मान हलवली. "माझा राग गेला. पण ती किल्ली हातात घेतली की ती टपरी आठवेल. नको."

दुसऱ्या सकाळी तुळजाराम टपरीपाशी उभा राहिला आणि त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की नटराजाने काही केलं नव्हतं, पाणी माझ्या घरातूनच पडलं. कोणी ओतलं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "मीच. तीर्थ म्हणून." स्टँड खदखदून हसला. बाटली रायराचा तीर्थ रायर झाला, आणि ते नाव त्याला शेवटपर्यंत चिकटलं. त्याने ते मुकाट्याने वागवलं. पण नटराज गेला तो गेलाच, नावं ठेवून घेतल्याने माणूस परत मिळत नाही.

आईला त्याने काही सांगितलं नाही. तिचं तीर्थ तो टाकीत घालू देई आणि मग घटका दोन घटका थांबून बोल्ट उघडी. नटराज कुठे आहे, हे ती विचारत राही. त्याला चांगली नोकरी लागली, तो दुसरी लॉरी चालवतो, एवढंच तो सांगे.

एका अमावास्येला हे ऐकून ती चिंतेत पडली. "तुजी लॉरी तर कावेरी सांभाळती. त्याच्या लॉरीला कोण घालतं?" म्हणत तिने एक लहान गडू भरला, वर फडकं बांधलं आणि त्याच्या हातात दिला. "त्याला नेऊन दे. टाकींत घाल म्हणून सांग. तिचं पाणी पोटांत हवं."

तुळजारामाला नाही म्हणता आलं नाही. ज्या माणसावर त्याने पाणी घातल्याचा आळ घेतला होता, त्याच्यासाठी पाणी घेऊन तो बसमध्ये बसला. गडू हिंदकळू नये म्हणून वाटभर दोन्ही हातांनी धरून होता. गिरणीच्या दारात त्याने तो नटराजापुढे केला आणि आईचा निरोप सांगितला. सांगताना त्याची मान वर होईना.

नटराजाने गडू डोळ्यांना लावला. फडकं सोडलं. मग आपल्या लॉरीकडे एकवार पाहून त्याने तो तोंडाला लावला आणि तळापर्यंत पिऊन टाकला.

"अम्मांना सांगा," रिकामा गडू परत देत तो म्हणाला, "पोटात गेलं."