सायकलीचा सण

माझ्या धाकट्या जावेला, रस्मिनीला, खोटं बोलता येत नाही. बोलायला गेली की कान लाल होतात. तरी या बाईनं देवाधर्माच्या नावावर वर्षभर धडधडीत थापा मारल्या, आणि मी शेजारी उभी राहून हसू दाबत होते.

सगळं त्या गेरिट आजोबांपायी. हॉलंडचे मास्तर. पेन्शनवर बालीत राहायला आले, त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हा कसे ऐटीत राहायचे! रस्मिनीच्या खानावळीत दोन्ही वेळा जेवायचे, वर मलाही कॉफी पाजायचे. मग भातखाचरांत बंगले उठले, नवे गोरे मागेल ते भाडं द्यायला लागले, आणि आजोबांची पेन्शन होती तेवढीच राहिली. आधी त्यांचं रात्रीचं जेवण बंद झालं, मग दुपारचंही. "उकाड्यानं भूक मेलीय," म्हणायचे. फुकट वाढलं तर ताटाखाली पैसे ठेवून जायचे. मेला ताठा तो!

आमचे सण दर सात महिन्यांनी फिरून येतात. त्यातल्या गलुंगनच्या सणाला आम्ही शेजारी ताट पाठवतो. ते नाकारायचं नसतं, घरच्या देवांचा अपमान होतो. आजोबांनी मुकाट्यानं घेतलं आणि पान चाटूनपुसून खाल्लं. रस्मिनीनं ते पाहिलं आणि झालं सुरू! आमच्याकडे कोयत्या-सुऱ्यांचा सण असतो, झाडांचा असतो, डुकरा-कोंबड्यांचाही असतो. त्यांत हिनं आपले घुसडले.

"आज काय, रस्मिनी?"

"आज... उखळाचा सण."

"आणि परवा?"

"परवा शिडीचा होता ना, आजोबा." कान लालभडक.

"अगं, देव बघतायत वरून," आजोबा ताट घेऊन गेल्यावर मी म्हटलं.

"बघू देत की. त्यांनाही वाढलंय."

मागच्या महिन्यात आजोबांचं घरभाडं दुप्पट झालं. परत जातो म्हणाले. तिकडे त्यांचं कोण आहे? कुण्णी नाही. रस्मिनी दिवसभर भांडी आपटत होती. मलाही जेवण गेलं नाही.

जायच्या आदल्या सकाळी आजोबा धुतलेला सदरा घालून आले. हातात केळीचं पान, त्यावर कडेनं करपलेली, अंडी घातलेली धिरडी.

"आज माझ्या सायकलीचा सण," म्हणाले. "ताट नाकारायचं नसतं."

मी दाराबाहेर पाहिलं. सायकल नव्हती. विकूनच पीठ, अंडी, लोणी आणलं होतं.

"असा सण नसतो, आजोबा," रस्मिनी पुटपुटली.

"चौदा वर्षं तुमचं पंचांग भिंतीवर लावतोय, पोरी. त्यात शिडीही कुठं नाही."

रस्मिनीनं पान दोन्ही हातांनी घेतलं. "आता ऐका. सण एकदा धरला की मोडता येत नाही. सात महिन्यांनी हा परत येणार."

"पण मी उद्या..."

"मागचं धान्याचं कोठार झाडून ठेवलंय. तिथं राहायचं. भाडं म्हणून हे ताट आणायचं, दर सणाला."

या वेळी तिचे कान लाल झाले नाहीत. आजोबा पायरीवर मटकन बसले आणि पोरासारखे रडले. मी धिरड्याचा तुकडा तोंडात टाकला. मीठच नव्हतं.

"पुढच्या सणाला मीठ घाला हो, आजोबा," मी म्हटलं.