अम्माच्या बांधावरची तुटक रेघ

अम्माच्या बांधावरची वाट मी कागदावर काढायलाच नको होती. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे दादाला बोल लावायला मी मोकळी.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. आमचे बाबा रेल्वेच्या नोकरीत वर्ध्याकडून झाशीला आले आणि इथलेच झाले. दादाही रेल्वेतच चिकटला, रूळ तपासायच्या कामाला. हातात वही घेऊन लाइनीच्या कडेनं चालत राहायचं आणि कुठे काय सैल झालंय ते किलोमीटरसकट टिपायचं. मी इथल्याच एका इंजिनियरिंग कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात बावीस वर्षं रेघा मारते आहे. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि राग आला की जी आधी तोंडात येईल ती.

दोन वर्षांपूर्वी दादा रिटायर झाला आणि आठ दिवसांत त्यानं वहिनीला नको नको करून सोडलं. डाळींच्या डब्यांना नंबर घातले. गॅसच्या सिलिंडरवर खडूनं तारखा लिहिल्या. शेवटी वहिनीनंच त्याला सायकल घ्यायला लावली, कच्च्या रस्त्यावर चालणारी, जाड टायरची. मग तो माझ्या मागे लागला. "तू पण घे. ऑफिसात बसून बसून पोतं झालीस." भावाशिवाय असं बोलायची कुणाची हिंमत नाही. मी घेतली. चांगल्यातली घेतली.

दादाच्या डोक्यात एकच होतं. झाशीहून बेतवा नदीकाठच्या एरचपर्यंत जायचं, पण डांबराला शक्य तितकं न शिवता. मुरमाच्या वाटा, कालव्याच्या कडा, बैलगाडीच्या चाकोऱ्या, सगळं जोडत जोडत. असा नकाशा कुणाकडे नाही, आपण करू, म्हणाला. झालं, आमचे रविवार त्यात गेले. तो पुढे. हँडलवर फोन, त्यात रस्ता नोंदला जायचा, तरी फोनवर त्याचा विश्वास नाही. चालत्या सायकलवरून ओरडायचा, "तीन पॉइंट दोन, डावीकडे पुलिया!" मी एक पाय जमिनीला टेकवून वहीत लिहायची. "लिहिलंस?" "लिहिलं!" मग पुढे. पोरं हसायची, म्हातारे विचारायचे की सरकारी सर्वे आहे का. दादा छाती काढून म्हणायचा, "ऐसा ही समझिए, दादाजी."

आठवड्यात संध्याकाळी मी ते सगळं ट्रेसिंग पेपरवर शाईनं उतरवायची. खरं सांगते, इतकं सुख मला ऑफिसच्या कामात कधी मिळालं नाही. दादा शेजारी खुर्ची ओढून बसायचा, चहाचा कप मात्र मी त्याला टेबलावर ठेवू द्यायची नाही.

एकदा आम्ही बबीनाच्या लष्करी छावणीच्या बाजूला भटकलो. मुरूम इतका छान की सायकल नुसती पळत होती. तेवढ्यात पहाऱ्यावरच्या जवानानं अडवलं. इथून पुढे जायचं नाही, आणि हे काय लिहिताय? दादाचा चेहरा उतरला. त्यानं तिथल्या तिथे वहीचं पान फाडून जवानाच्या हातात दिलं, फोनमधलं नोंदलेलंही पुसलं, वर दोनदा माफी मागितली. परतताना मला म्हणाला, "वाट दिसली म्हणून ती काढायचीच असं नसतं." हे वाक्य त्याचं आहे. मी विसरलेली नाही.

बेतवाच्या अलीकडे आमचा नकाशा अडला. एका बाजूला कालवा संपत होता, दुसऱ्या बाजूला नदीकाठची बैलगाडीची वाट सुरू होत होती, आणि मधला तुकडा काही सापडेना. तो टाळायचा तर आठ किलोमीटर मोठ्या रस्त्यानं, ट्रकांच्या मधून. दादा दोन रविवार नुसता चिडचिडत होता. तिसऱ्या रविवारी मला एक म्हातारी दिसली. डोक्यावर गवताचा भारा घेऊन ती शेताच्या बांधावरून सरळ नदीकडे उतरत होती. मी हाक मारली, "अम्मा, इधर से नदी जा सकते हैं क्या?"

ती थांबली, आमच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग अंगणात बोलावलं, पितळी लोट्यातून पाणी दिलं, तळहातावर गुळाचा खडा ठेवला. तिचा बांध तिच्या अंगणातून निघायचा आणि हरभऱ्याच्या शेताच्या मधून नदीवर जायचा. एकामागे एक चालावं इतकाच रुंद. नवरा गेलेला, मुलगी दूर दिलेली, शेत एकटी बघत होती. पलीकडचं शेत तिच्या दिराचं. दिराला त्या बांधावरून ट्रॅक्टर न्यायचा होता. हा पहिल्यापासून सगळ्यांचा रस्ता आहे, असं तो गावभर सांगत फिरायचा. अम्मा म्हणायची, ही माझ्या पायांनी पडलेली वाट आहे, दुसरं कुणी इथून जात नाही. तो रस्ता ठरला असता, तर शेताचे दोन तुकडे झाले असते आणि मधली पट्टी हातची गेली असती.

"बिन्नू, कढ़ जाओ," ती मला म्हणाली. बिन्नू म्हणजे इकडे लेक, बहीण, जे समजाल ते. "पै काऊ सें कइयो नईं." जा इथून, पण कुणाला सांगू नका. मग माझ्या हातातल्या वहीकडे बोट केलं. "काए, लिख तौ नईं रईं?"

"नहीं अम्मा," मी म्हटलं, आणि वही तिच्यासमोर पिशवीत टाकली. दादानंही नकारार्थी मान हलवली. हे त्याच्यासमोर झालं, त्यानं दोन्ही कानांनी ऐकलं.

आणि तरी मी ती काढली. का काढली? कारण बावीस वर्षांची खोड. आमच्या ऑफिसात अर्धवट ड्रॉइंग टेबलावरून उठत नाही. जे आहे पण बाहेरून दिसत नाही, ते तुटक रेघेनं दाखवायचं, ही आमची पहिल्या दिवसाची शिकवण. दोन वाटांच्या मधे कोरा कागद पाहून माझ्या हाताला चैन पडेना. म्हटलं, कागद तर घरातच राहणार आहे. बारीक तुटक रेघ मारली आणि माझ्या सुबक अक्षरात खाली लिहिलं, 'अम्माचा बांध'. दादाला बजावलं, "हे फक्त आपल्या दोघांसाठी. हा कागद घराबाहेर जायचा नाही." "अगं, मला कळत नाही का?" म्हणाला.

भाऊबीजेला मी त्याच्याकडे गेले. पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. ओवाळणी म्हणून त्यानं तबकात एक मोठी चपटी वस्तू ठेवली, लाल कागदात बांधलेली. तबक कलंडता कलंडता राहिलं. उघडली तर लक्ष्मी गेटला फ्रेम करून आणलेला आमचा नकाशा! छापील, रंगीत, खाली कोपऱ्यात माझं नाव. कुठल्याशा सायकल क्लबची मंडळी त्याला भेटली होती. त्यानं ट्रेसिंगचा फोटो काढून त्यांना दिला, त्यांनी छापून घेतला. अगं बाई, क्षणभर मला आनंदच झाला. डोळ्यांत पाणी आलं म्हणायला हरकत नाही. मग नजर बेतवाच्या अलीकडे गेली. तुटक रेघ राहिलीच नव्हती. तिथून लालभडक, सलग, जाड रेघ गेली होती.

"दादा, हे काय?"

"पूरा झाला ना रूट! आता साठ जण जाणार, तिसऱ्या रविवारी. सगळे मला गुरुजी म्हणतात."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. निरांजन अजून जळत होतं आणि मी भावाला नाही नाही ते बोलले. जवानानं सांगितलं तेव्हा पान फाडून दिलंस, आणि अम्मानं सांगितलं ते काहीच नाही? तिच्याकडे बंदूक नाही म्हणून? दादा म्हणाला, "तू खामखा चिडतेस. सायकलनं काय होतं? सायकल काय ट्रॅक्टर आहे?" वहिनीनं डोळे वटारले तेव्हा कुठे नरमला. म्हणाला, बरं, मी त्यांना तो तुकडा काढायला सांगतो, त्या दिवशी मोठ्या रस्त्यानं नेतो. दोन दिवसांनी मी फोन केला. "सांगितलंस?" "सांगितलं." मी विश्वास ठेवला. लहानपणापासून ठेवत आले, तसाच.

कसलं काय! त्या रविवारी मला ऑफिसचं काम होतं, मी गेले नाही. पुढच्या रविवारी एकटीच गेले, तर अम्माच्या बांधावर टायरांच्या नक्ष्या. दोन्ही बाजूंचा नुकता वर आलेला हरभरा तुडवलेला, कुठे बिस्किटाचा कागद, कुठे पाण्याची बाटली. आणि त्या सगळ्यावरून ट्रॅक्टरच्या चाकांचे दोन रुंद पट्टे, बांधाच्या कडा फोडून आरपार गेलेले.

अम्मा अंगणात बसली होती. तिनं पाणी दिलं, गूळ दिला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. साठ सायकली गेल्या, त्यांना कुणी अडवलं नाही, मग माझ्या ट्रॅक्टरला का, असं म्हणून दिरानं दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टर घातला होता. कुणा सायकलवाल्याकडून त्यानं नकाशाचा कागदही मागून घेतला होता. बुधवारी लेखपाल येऊन जागा बघणार होता. लेखपाल म्हणजे आपल्याकडचा तलाठी.

मी तशीच दादाच्या घरी धडकले. "तू सांगितलं नव्हतंस ना?" तो वर्तमानपत्रात बघत म्हणाला, "मौकाच नाही मिळाला. सगळे इतके खूश होते." केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आणि कापणारा पाटावर बसून माझ्याकडून ओवाळून घेणारा होता. तरी मी त्याच्यासमोर हात जोडले. बुधवारी चल, एवढंच सांग की तिथे वाट नाही, ती रेघ चुकून पडली. बाकी शब्द बोलू नकोस. "बरं बाई," तो म्हणाला. "एवढंच ना? सांगतो."

बुधवारी रजा टाकून गेले. बांधावर लेखपाल, त्याच्यामागे दीर, मग अम्मा, मग दादा, शेवटी मी. दिरानं छापील कागद पुढे केला. लेखपालानं तो नीट पाहिला. माणूस सज्जन वाटला, आवाज चढवणारा नव्हता. त्यानं विचारलं, हा नकाशा कुणी केला? मी हात वर केला. "और नापा किसने?"

"हमने," दादा म्हणाला.

"तो यहाँ रास्ता है या नहीं?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. मग त्या कागदाकडे पाहिलं. आयुष्यभर त्याच्या वहीतला आकडा कुणी खोटा ठरवला नव्हता, आणि आता एक सरकारी माणूस त्याला अदबीनं विचारत होता. मला त्याच्या चेहऱ्यावर ते आधीच दिसलं. मी मागून त्याचा शर्ट ओढला.

"रास्ता तो है, साहब," तो म्हणाला. "छह सौ दस मीटर. दो बार नापा है."

दिराच्या तोंडावर हसू पसरलं. अम्मानं दादाकडे बघितलंसुद्धा नाही, ती माझ्याकडे वळली. "काए बिन्नू, तुमने तौ कई ती." तू तर म्हणाली होतीस. तेवढंच. मी ओरडले, "गलत है! नक्शा मैंने बनाया है, और मैंने गलत बनाया है. यहाँ कोई रास्ता नहीं है, न पहले था." बावीस वर्षांत माझं ड्रॉइंग चुकलं असं मी कधी कुणाला म्हणू दिलं नाही, आणि आता मीच ते घसा ताणून सांगत होते.

लेखपालानं शांतपणे माझं ऐकून घेतलं. मग त्याची नजर खाली गेली.

"मैडम," तो म्हणाला, "आप खड़ी किस पर हैं?"

मी खाली पाहिलं. आम्ही पाचही जण एकामागे एक उभे होतो, कारण ट्रॅक्टरच्या पट्ट्यांमधे उरलेली जुनी वाट तेवढीच रुंद होती. पायाखाली टणक, गुळगुळीत झालेली माती. दीर खो खो हसला. लेखपालानं वहीत काहीतरी लिहिलं.

"रन दो, बिन्नू," अम्मा म्हणाली. राहू दे. मग जरा थांबून तिनं विचारलं, "कागद पै तुमईं ने धरी ती?" कागदावर तूच घातलीस ना? दादानं दिला, दादानं छापवला, दादानं सांगितलं, हे सगळं माझ्या ओठांवर आलं. मी मानेनंच हो म्हटलं. ती अंगणात गेली. ओट्यावर आमच्यासाठी पाणी भरून ठेवलेला लोटा तिनं उचलला, तुळशीत ओतला आणि दार लावून घेतलं.

आम्ही परत निघालो. दादा पुढे, मी मागे. त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलं होतं. माझा राग आजही गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. कालव्यापाशी आलो तेव्हा जणू काही झालंच नाही अशा आवाजात तो ओरडला, "चार पॉइंट सात, उजवीकडे नवीन बोअर!" मी वही काढली नाही. थोडं पुढे जाऊन त्यानं वळून पाहिलं.

"लिहिलंस?"

"लिहिलं," मी म्हटलं.

त्यानं मान डोलावली आणि पेडल मारलं. त्या दिवशी मी दोनदा खोटं बोलले, एकदा लेखपालाशी, एकदा दादाशी, आणि जे चालायला नको होतं तेवढंच चाललं.